हरण्या

मामंजी फैजपूरहून आले, पिशवी खांद्यावरच,
आणि आधी खिडकीतल्या मनीप्लांटपाशी गेले.
पान अंगठ्यावर तोललं:
अर्धं हिरवं, अर्धं ताकाच्या रंगाचं.
"हा त हरन्या हाये व माय.
केयीवर असा पट्टा दिसला त आम्ही
कंदासकट काढतो, बांधावर जायतो."

साडेचारशे रुपयांचा हरण्या.
मी पाणी आणायला म्हणून आत गेले.

रोग नाही हो मामंजी, जातच ती, मी आतूनच म्हटलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
देठाच्या बेचक्यात नख घातलं.
"आन् हे? हेबी जातच का?"

कापूस.
पांढऱ्यावर पांढरा, म्हणून तीन आठवडे दिसला नव्हता.
मी रोज ओल्या फडक्याने पानं पुसत होते
आणि पिठ्या ढेकूण बेचक्यात लेकुरवाळा होऊन बसलेला.
खाली फरशीवर चिकट ठिपके;
मी आपली चेतनला रागावत होते,
सरबत सांडलंस म्हणून.

शेजारच्या हसीना तडवी ड्यूटीवरून आल्या
त्या स्पिरिटची बाटली घेऊनच.
सुईआधी दंड पुसावा तसा एकेक देठ पुसला,
सवयीने "दुखणार नाही" असंही म्हणाल्या.
बोळ्यावर नारिंगी डाग उठले.
"आठ दिवसांनी परत.
अंडी काय सांगून फुटतात?"

भुसावळ. मे. शेहेचाळीस.
क्रोटनवर सुईने टोचल्यासारखी धूळ.
धूळ नव्हती ती.
मामंजींनी कॅलेंडरचा एप्रिल फाडला,
कोरी बाजू पानाखाली धरली, टिचकी मारली.
तांबडे कण पडले.
आम्ही तिघं श्वास धरून.
मग एक कण चालायला लागला.
"लाल कोई," मामंजी म्हणाले,
जुना उधारीवाला बाजारात दिसावा तसं.

न्हाणीत नेऊन कुंड्यांना अंघोळ घातली,
पानांच्या पोटाकडून, तळहात आडवा धरून.
मग निंबोळी तेल, चिमूटभर साबण,
आणि मी घाईने सगळ्यांवरच मारलं,
सकाळी दहाला, उन्हात.
चार वाजता पांढरे पट्टे
करपल्या पापडासारखे. हिरवं शाबूत.
पांढऱ्याला ऊन सोसत नाही, वरून तेल तर नाहीच;
आधी एका पानावर बघावं, तेही दिवेलागणीला,
हे दुकानदाराने नाही,
त्या जळक्या पानांनी सांगितलं.

मातीतली चिलटं पाणी तोडल्यावर ओसरली.
उरलेली पिवळ्या पुठ्ठ्यावर, एरंडेलात.
मामंजींनी मोजली: एकशे सात.
वहीत लिहिली, तारखेसकट.

पंधरा दिवसांनी मनीप्लांटला नवं पान आलं,
सगळं हिरवं.
पुढचंही हिरवं.
"सुधरलं पाय," मामंजी म्हणाले,
आणि चहा दुसऱ्यांदा मागितला.

मी कात्री घेऊन उभी.
हिरवा फुटवा जोमाचा,
ठेवला तर पांढऱ्याला मागे सारतो,
वेल पुन्हा साधा होऊन जातो,
कापावाच लागतो.
हे त्यांना कसं सांगायचं?
सांगितलं.

बराच वेळ कूलरच बोलत होता.

"म्हंजे तुमच्याकडे
निरोगी तेवढंच काढता म्हना."

कापला.
तो फुटवा त्यांनीच मागून घेतला,
एकेक पान उलटं करून भिंगाखाली पाहिलं,
मावा नाही, पिठ्या नाही, कोळी नाही,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला
आणि दुपारच्या एसटीने मांडीवर घेऊन गेले.
मळ्यात नाही लावणार म्हणाले, ओसरीत लावीन,
केयीपासून लांब.
"कोनाचा काय भरोसा."

शनिवारी स्पिरिटची दुसरी फेरी आहे.
चेतनने कोरा कागद आत्ताच फाडून ठेवलाय,
महिना अजून संपायचाय.